डावीकडे वळणारा चेंडू

सोलापूरचा उन्हाळा सांगून येत नाही, असं बाहेरून बदलून आलेली माणसं म्हणतात. साफ खोटं. चांगला सांगून येतो. होळीच्या आधीच माठातलं पाणी दुपारपर्यंत गार राहत नाही, जिन्याचा कठडा हाताला चटका देतो, गल्लीतली कुत्री आमच्या पायरीखालच्या ओलाव्याला पोट लावून पडतात. एवढं सांगितल्यावर आणखी काय सांगायचं राहिलं? आपण ऐकत नाही, ही गोष्ट वेगळी. आपण म्हणतो, अजून मार्च तर आहे.

यंदाही तो असाच आला. आमची लेक सई पुण्याहून चार दिवस राहायला आली होती. दुपारी जेवणं झाली आणि तिनं सहज कपाटातून जुनी लाल चादर काढून बैठकीच्या पश्चिमेच्या खिडकीवर टाकली. खोलीत तांबूस अंधार झाला. "आई, खेळूया का गं? तो टीव्हीच्या खेळाचा डबा अजून चालतो का बघते." मी म्हटलं, "चादर काढ आधी." इतक्या जोरात म्हटलं, की आतल्या खोलीतून ह्यांनी विचारलं, "काय झालं?" काही झालं नव्हतं. सईनं चादर काढली आणि मुकाट्यानं घडी घालत बसली. मला फार वाईट वाटलं, पण मी काही तिला पुन्हा टाक म्हटलं नाही.

तो एक उन्हाळा मी गेली काही वर्षं टाळत आलेय. कुणी विषय काढला की मी चहा टाकायला उठते. आता लिहायला बसलेय तर एवढं आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला घोर नको: त्या उन्हाळ्यात आमच्या घरात सगळं होतं. हसणं होतं, आमरस होता, शेंगाचटणी आणि दही होतं, जिंकण्या-हरण्यावरून रुसवे होते. आणि ह्या सगळ्याच्या खाली एका माणसाचा उजवा हात होता, आणि त्या हाताच्या भरवशावर तोंड उघडून बसणारी अख्खी शुक्रवार पेठ होती.

हे म्हणजे माझे यजमान. दातांचे डॉक्टर. वर आम्ही राहतो, खाली दवाखाना. पेठेतली माणसं तर येतातच, पण चिंचोळी एमआयडीसीतले कामगारही पाळी सुटली की गाल धरून ह्यांच्याकडे यायचे. का, तर "डॉक्टरांचा हात हलका हाय." दाढ निघाली तरी कळत नाही, असा लौकिक. मी शाळेत गणित शिकवते. माझा हात हलका नाही, जीभ तर मुळीच नाही, आणि मला हरणं पचत नाही. हे सगळं घरात आणि शाळेत सर्वांना ठाऊक आहे.

डबा आला माझ्या धाकट्या दिरांकडून. ते परदेशी निघाले तेव्हा घर आवरताना नको झालेल्या वस्तू त्यांनी आमच्याकडे टाकल्या, त्यात हा होता. टीव्हीला जोडायचा खेळ. पण बोटांनी बटणं बडवत बसायचा नव्हे, हात हलवून खेळायचा. एक पांढरी दांडी हातात धरायची, तिची दोरी मनगटात अडकवायची, टीव्हीखाली एक काळी पट्टी ठेवायची. मग आपण हवेत हात फिरवला की पडद्यावरचं बाहुलं तसाच हात फिरवतं. टेनिस होतं, गोल्फ होतं, बॉक्सिंग होतं, आणि लांब फळीवरून चेंडू घरंगळत नेऊन दहा लाकडी बाटल्या पाडायचा तो खेळ होता. त्याला बोलिंग म्हणतात. पण शेजारच्या पद्मक्कानं पहिल्याच दिवशी त्याला 'बाटल्या' म्हटलं, आणि आमच्या घरात तेच नाव पडलं.

पद्मक्काचं घर विणकरांचं. घरात तेलुगू, दारात मराठी आणि भांडताना दोन्ही. माझ्याच वयाची, माझ्याइतकीच हट्टी. त्या सुट्टीत माझी शाळा बंद होती, सई बारावीचा निकाल यायची वाट बघत होती, आणि सकाळी दहानंतर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. बाहेर जाण्याची सोय नाही म्हटल्यावर पद्मक्का पदराला हात पुसत आमच्याकडे यायची आणि विचारायची, "काय, लावलात का नाही अजून?"

पहिले काही दिवस आम्ही सगळ्या अंगानं खेळलो. म्हणजे टेनिसचा चेंडू आला की मी पदर खोचून बैठकीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायची. पद्मक्कानं एकदा बॉक्सिंगमध्ये असा ठोसा मारला, की तिच्या बांगड्या दिवाणाच्या कडेवर आपटून फुटल्या. "अय्यो देवा!" म्हणून ती तुकडे वेचत बसली, तोवर पडद्यावर तिचं बाहुलं चारी मुंड्या चीत झालं होतं. माझा खांदा ठणकायचा, तिची कंबर धरायची. सई मात्र जागची हलायची नाही आणि आम्हा दोघींना धुऊन काढायची.

"आई, तू धावतेस कशाला? बाहुलं आपोआप धावतं. तू फक्त वेळ साध."

"आणि जोर?"

"जोर लागतच नाही. त्याला तू दिसत नाहीस गं. त्याला फक्त मनगट कळतं."

हे वाक्य तिनं किती सहज टाकलं. मी ते ऐकलं आणि कामाला लागले. गणिताची बाई आहे मी, रीत कळली की उत्तर सोडत नाही. टेनिसमध्ये टप्पा घेतलेला चेंडू जरा आधी फटकावला तर आडवा जातो, जरा उशिरा फटकावला तर रेघ धरून सरळ. भाकरी तव्यावर उलटताना मनगट जितकं वळतं तितकं पुरे. बॉक्सिंगमध्ये पिसाटासारखे हात चालवले की यंत्र गोंधळतं. थांबायचं, समोरच्याचा ठोसा चुकवायचा आणि एकच नेमका द्यायचा. गोल्फमध्ये शेवटच्या हलक्या ढकलीला दांडी जवळजवळ हलवायचीच नाही. पद्मक्कानं तर दिवाणावर मांडी ठोकली. एका हातात दांडी, दुसऱ्या हातात शेंगा, आणि तशा अवस्थेत ती मला टेनिसमध्ये हरवायला लागली. "बसून जमतंय की गं, उभं कशाला राहायचं!" मला राग यायचा, पण खोटं कसं म्हणू? जितकं कमी हलाल तितकं जास्त जिंकाल, असा तो सगळा मामला होता.

फक्त बाटल्यांचा खेळ कुणाला वश झाला नाही. चेंडू सरळ मधोमध मारला की बाकीच्या पडायच्या, पण दोन टोकांच्या दोन तशाच उभ्या राहायच्या. ठेंगा दाखवल्यासारख्या. त्या पाडायच्या तर चेंडू उजव्या कडेनं न्यायला हवा आणि अगदी शेवटी डावीकडे वळवून पुढच्या बाटलीच्या बगलेत घुसवायला हवा. हे आम्हाला तिघींनाही कळलं होतं, जमत एकीलाही नव्हतं. आधी वळवला तर भलतीकडे जायचा, उशीर केला तर कडेच्या पन्हळीत पडायचा.

आणि मग एका दुपारी हे जेवायला वर आले.

आमचे डॉक्टर खेळातले नव्हेत. कॅरममध्ये सोंगटीच्या आधी स्ट्रायकर घालवणारा माणूस. पत्त्यांत ह्यांच्या चेहऱ्यावरून समोरच्याला पानं कळतात. लग्नानंतर मी ह्यांना कशातही जिंकताना पाहिलेलं नव्हतं, आणि त्यांचं त्याबद्दल काही म्हणणंही नव्हतं. सई म्हणाली, "बाबा, एक टाकून बघा की." ह्यांनी हात धुतले, पुसले, दांडी घेतली, दोरी अडकवली. उजवा हात खाली सोडून थोडा वेळ नुसते उभे राहिले. मग हात मागे नेऊन पुढे आणला आणि चेंडू सोडला.

चेंडू उजव्या कडेनं निघाला. गेला पन्हळीत, असं मी म्हणणार तोच तो शेवटी डावीकडे वळला, अलगद, आणि सगळ्या बाटल्या आडव्या झाल्या. पडद्यावरची माणसं टाळ्या वाजवायला लागली. ह्यांनी दुसरा टाकला. तोही वळला. तिसराही. पद्मक्का मांडी मोडून उभी राहिली. "डॉक्टरसाब! कुठं शिकलात हो हे?" हे आमच्याकडे वळून बघायला लागले. इतके खूश मी त्यांना सईच्या बारशालाही बघितलं नव्हतं. "मलाही माहीत नाही," म्हणाले. खरंच सांगत होते.

त्यानंतर ते जेवायला लवकर वर यायला लागले. एरवी हाका मारून मारून माझा घसा सुकायचा. आता वरण उकळायच्या आत जिन्यावर पाय वाजायचा. खाली पेशंटच्या तोंडात कापूस कोंबून त्याला हे आपला पराक्रम सांगायचे. बिचारा पेशंट, तोंड उघडं, हो म्हणणार कसा आणि नाही म्हणणार कसा? मला हसू यायचं. नवरा ह्या वयात मुलासारखा आनंदी झालेला बघून कुठल्या बाईला बरं वाटणार नाही? मला बरं वाटत होतं. ते आजही मी खोटं म्हणणार नाही.

पण मला जिंकायचंही होतं. मी ह्यांच्या उजव्या खांद्यामागे उभी राहून हात बघायला लागले. चेंडू सोडताना अंगठा आत वळत होता, जेमतेम. "तुम्ही अंगठा मुद्दाम आत घेता का?" "नाही गं." "मग वळतो कसा?" "वळतो." मी तसं करून बघितलं. सईनं करून बघितलं. पद्मक्कानं बसून आणि उभी राहून, दोन्ही तऱ्हेनं बघितलं. आमचा अंगठा वळवला की वळायचा आणि दिसायचाही. त्यांचा दिसत नव्हता. सई म्हणाली, "बाबा, एकदा सरळ टाका ना, मला फरक बघायचाय." ह्यांनी टाकला. वळला. "अहो, सरळ!" पुन्हा टाकला. पुन्हा वळला आणि बाटल्या पडल्या. आम्ही म्हटलं, भाव खातायत. पद्मक्का म्हणाली, "विद्या कोण फुकट देतो बाई?"

खेळ सुरू करायच्या आधी पडद्यावर एक पांढरा पंजा येतो. दांडी रोखून त्या पंजानं आपलं बाहुलं निवडायचं असतं. ह्यांचा पंजा स्थिर राहीना. बाहुल्यावर जायचा, थरथरायचा, शेजारच्या बाहुल्यावर सरकायचा. ह्यांनी वैतागून दांडी झटकली. आम्ही दांडीतल्या बॅटऱ्या बदलल्या. टीव्हीखालची पट्टी पुसली. मग पद्मक्कानं निदान केलं: "ऊन शिरतंय यंत्रात. खिडकी बघा की, कसली आग आहे ती." सईनं कुठंतरी वाचलं होतं, की उजेड पट्टीवर पडला तर दांडीला खरंच चकवा बसतो. झालं. पश्चिमेच्या खिडकीवर आम्ही लाल चादर टाकली, ओली करून टाकली म्हणजे गारवाही मिळेल. सोलापुरातल्या माणसाला काहीही बिघडलं की आधी उन्हावर संशय येतो. रेडिओ खरखरला, ऊन. दूध नासलं, ऊन. माणूस चिडला, ऊन. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या असंच म्हणत आलोय आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं.

चादरीनं खोली तांबडी झाली. ह्यांनी दांडी रोखली. पंजा थरथरला. सईनं त्यांच्या हातातून दांडी घेतली आणि रोखली. पंजा गप्प उभा राहिला. तिनं दांडी परत त्यांच्या हातात दिली आणि माझ्याकडे बघितलं. मी पद्मक्काकडे बघितलं. पद्मक्का शेंगा सोलत होती आणि ती एकदम म्हणाली, "चादर अजून भिजवायला पाहिजे." मी लगबगीनं बादली आणायला गेले. न्हाणीघरात नळ सोडला आणि उगीचच बराच वेळ तिथे थांबले.

त्या यंत्राला माणूस दिसत नव्हता, मनगट कळत होतं. आम्ही उलट. आम्हाला माणूस दिसत होता. रोज जेवायला बसणारा, आमटीत मीठ कमी आहे म्हणणारा, पेनाचं हरवलेलं टोपण शोधणारा. इतक्या वर्षांच्या सवयीनं मी ह्यांच्याकडे बघतच नव्हते. बघायला लागले ते अंगठ्यापायी, चेंडू वळवायची युक्ती चोरायची म्हणून.

एका दुपारी वीज गेली. पंखा बंद, टीव्ही बंद, खेळ बंद. सई आत झोपली होती. हे आरामखुर्चीत पेपर वाचत बसले होते आणि पेपराचा खालचा कोपरा फडफडत होता. सारखी बारीक फडफड. वारा कुठून येतोय म्हणून मी चादर बाजूला केली. बाहेर झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. मी परत पाहिलं. ह्यांनी पेपर डाव्या हातात घेतला. उजवा हात मांडीवर सोडला, आणि तो थांबला नाही. अंगठा बोटांवर फिरत होता, कापसाची वात वळावी तसा. हळूहळू, पण न थांबता. चेंडू सोडताना आत वळणारा तोच अंगठा. ते मात्र अग्रलेख वाचत होते.

"अहो, बसल्या बसल्या सराव चाललाय का?" मी हसून म्हटलं.

"कसला?"

मी हाताकडे बोट केलं. त्यांनी हाताकडे बघितलं. हात थांबला. मग त्यांनी तो पेपराखाली सरकवला आणि म्हणाले, "चहा कर." माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हा मला कळलं, की ह्यांना माहीत आहे. मी भयंकर घाबरले. चहात साखर दोनदा घातली आणि त्यांनी तो तसाच पिऊन टाकला.

त्या दिवसापासून माझे कान खाली लागले. दातात फिरणाऱ्या त्या मशीनचा आवाज फरशीतून वर येतो. लग्न होऊन आले तेव्हा मला त्याचा त्रास व्हायचा, नंतर तो ऐकू येईनासा झाला होता. आता पुन्हा ऐकू यायला लागला. मशीन सुरू झालं की माझा फोडणीचा हात थांबायचा. आवाज मध्येच तुटला की वाटायचं, आता कुणीतरी ओरडेल, आता ओरडेल. कुणी ओरडायचं नाही. मशीन पुन्हा सुरू व्हायचं आणि मोहरी जळलेली असायची.

खाली ह्यांच्या हाताखाली अंबूबाई असायच्या. अक्कलकोटकडच्या, बोलता बोलता मध्येच कानडी शब्द टाकणाऱ्या. एका सकाळी चहाची किटली न्यायला वर आल्या आणि दाराशी घुटमळल्या.

"बाईसाब, सायेब बारीक कामं म्होरं ढकलतेत. दाताच्या नळ्या साफ करायच्या, दाढा काढायच्या, समदं सोमवारच्या म्होरं. नुसतं तपासत्यात आन्‌ गोळ्या लिवतेत."

"ऊन फार आहे ना," मी म्हटलं.

"व्हय, ऊन हायच की." मग जिन्याकडे बघत म्हणाल्या, "मी हत्यार हातात देते नव्हं का, तवा मला हाताला लागतंय. पेशंटला काय दिसतंय? त्ये तर डोळं मिटून बसतंय." एवढं बोलून किटली घेऊन त्या खाली गेल्या. मी दार लावून घेतलं आणि दाराला टेकून उभी राहिले.

मग मी बोलले. टाळणारी नाही मी. जेवताना सई उठून गेल्यावर म्हटलं, "कुणाला तरी दाखवून घेऊ. पुण्याला जाऊ." ते भात कालवत राहिले, डाव्या हातानं ताट धरून. "उन्हाळा संपू दे," म्हणाले. आमच्याकडे सगळंच उन्हाळा संपल्यावर करायचं असतं. गच्चीची डागडुजी, डोळ्यांची तपासणी, रुसलेल्या नातेवाइकांकडे जाणं. मी म्हटलं, "आणि तोवर?" ह्यावर ते चिडले. कधी चिडत नाहीत ते. "तोवर काय? मी काय कुणाचा गळा कापतोय? हात दमतो, वय झालं. तू तुझं गणित बघ." मीही ताट आपटून उठले. दोन दिवस बोलणं बंद. पण खेळ बंद नव्हता. दुपारी ते वर यायचे, चेंडू टाकायचे, जिंकायचे. सई टाळ्या वाजवायची नाही आता. पद्मक्का यायची कमी झाली, घरी पापड आहेत म्हणायची.

आता कागद आहेत आमच्याकडे, त्यावर नाव आहे. कंपवात. गोळ्या आहेत, वेळच्या वेळी घ्यायच्या. व्यायाम शिकवणारी एक मुलगी मध्यंतरी म्हणाली, "काका, ते हात हलवून खेळायचे व्हिडिओ गेम असतात ना, ते खेळत जा, फार चांगले असतात." हे हसले. "त्यात मी फार पुढे आहे," म्हणाले. मी उठून बाहेर गेले. मला त्या मुलीचा राग आला होता आणि त्या बिचारीची काहीच चूक नव्हती.

त्या उन्हाळ्यातलं एक दृश्य मात्र कुणाला सांगितलेलं नाही. सई मैत्रिणीकडे गेली होती, मी स्वयंपाकघरात पन्ह्यासाठी कैऱ्या सोलत होते. हे वर आले, मला हाक मारली नाही, टीव्ही लावला. मी दाराच्या फटीतून बघितलं. चादरीच्या लाल उजेडात ते एकटेच उभे होते आणि चेंडू टाकत होते. काय चाललंय ते मला एकदम कळलं नाही. मग कळलं. ते सरळ टाकायचा प्रयत्न करत होते. उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं घट्ट धरलं होतं. कोपर पोटाशी दाबलं होतं. श्वास रोखून चेंडू सोडायचे. चेंडू सरळ निघायचा, निम्म्यापर्यंत सरळ जायचा, आणि मग वळायचा. सगळ्या बाटल्या पडायच्या. पडद्यावरची माणसं उठून टाळ्या वाजवायची, कागदाचे रंगीत तुकडे उडायचे, आणि हे पुन्हा मनगट धरायचे. आयुष्यात हरायला इतका धडपडलेला माणूस मी बघितला नाही. शेवटी त्यांनी दांडी टीव्हीवर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी आत गेले नाही. कैरीवर माझ्या डोळ्यांतलं पाणी टिपटिप पडत होतं आणि मी सोलत राहिले.

त्याच आठवड्यात माझी दाढ ठणकायला लागली. मी लवंग धरली, मिठाच्या गुळण्या केल्या, कुणाला कळू दिलं नाही. पण गाल सुजला, आणि दातांच्या डॉक्टरच्या बायकोचा सुजलेला गाल लपणार कुठं? दुपारच्या जेवणाला त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या दुपारी त्यांनी टीव्ही लावला नाही.

"खाली चल," म्हणाले. "सोमवारपासून बारीक कामं पुन्हा घेणार आहे. आधी तुझी करतो."

आधी तुझी. मी जिना उतरले. दवाखान्याचं शटर अर्धं ओढलेलं होतं, आत औषधाचा आणि ओल्या फरशीचा वास होता. अंबूबाई ट्रे मांडत होत्या. मला बघून त्यांचे हात थांबले आणि मग पुन्हा चालू झाले. मी खुर्चीत बसले. ह्यांनी पायानं खुर्ची मागे कलती केली, वरचा दिवा लावला. माझे सगळे दात ह्याच खुर्चीत ह्यांनी सांभाळले होते. सईच्या वेळी गरोदरपणात हिरड्या सुजल्या तेव्हाही, सासूबाई गेल्यावर मी दात चावून चावून झिजवले तेव्हाही. मी कधी डोळे मिटून घेतले आणि कधी उघडले हेसुद्धा मला कळलेलं नव्हतं.

ह्या वेळी मी डोळे मिटले नाहीत.

त्यांनी मास्क बांधला, हातमोजे घातले. अंबूबाईंनी सुई भरून दिली. हिरडी बधिर करायची सुई. त्यांनी ती दिव्याखाली आणली. सुईचं टोक एका जागी नव्हतं. ते बारीक गोल फिरत होतं. मास्कच्या वर ह्यांचे डोळे दिसत होते, आणि ते सुईकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. त्या डोळ्यांत काय होतं ते मी सांगते: विनवणी होती. एवढा एकदा विश्वास टाक. तू टाकलास तर सोमवारी मी शटर पूर्ण उघडीन.

"उघड," म्हणाले.

माझ्या मनात आलं, उघडावं. लागलं तर लागलं, माझीच हिरडी, माझाच नवरा. काय होईल, थोडं रक्त येईल. मी हसून म्हणेन, कळलंसुद्धा नाही. आणि सोमवारी कोण बसेल इथे? पाळी सुटून आलेलं कुणी पोर. पद्मक्का. डोळे मिटून.

मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"उघड गं." ह्या वेळी फार हळू.

बोलायचं तर तोंड उघडावं लागलं असतं. म्हणून मी बोललेही नाही. नुसती मान हलवली. आडवं पडल्यामुळे डोळ्यांतलं पाणी कानांत जात होतं आणि मी ते पुसलं नाही. त्यांनी वाट बघितली. मीही बघितली. अंबूबाई भिंतीकडे तोंड करून कापूस उगीच मोजत होत्या.

मग त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. ठेवताना ती स्टीलवर टणटण वाजली, आणि त्यांनी वाजू दिली. मास्क खाली ओढला.

"अंबूबाई, सोमवारच्या सगळ्यांना फोन करा. येऊ नका म्हणावं."

"कधी या म्हणून सांगू, सायेब?"

त्यांनी पायानं खुर्ची सरळ केली. मी उठून बसले, पदरानं तोंड पुसलं. ते माझ्या सुजलेल्या गालाकडे बघत होते, अगदी डॉक्टर बघतो तसं, दिव्याच्या उजेडात वाकून.

"ह्याला थांबून चालणार नाही," म्हणाले. "आजच दाखवायला हवं. कुणाकडे नेऊ तुला?"

सोलापुरात दातांचे डॉक्टर काय कमी आहेत? पण आम्ही दोघं तिथे बसून राहिलो, आणि मला एकाचंही नाव आठवेना.